मंदी अमेरिकेची, बेकारी बहामाची

(दृश्य: बहामाची राजधानी नासाऊ, तिचं बंदर, पलीकडे पॅराडाइज आयलंडवरचे गुलाबी मनोरे)

नोव्हेंबर २००८. न्यूयॉर्कमधली लेहमन ब्रदर्स ही बँक बुडून दोन महिने झालेत. इथे बहामात, अमेरिकेजवळच्या या बेटांच्या देशात, या गुलाबी मनोऱ्यांच्या अटलांटिस रिसॉर्टने सुमारे ८०० कामगारांना एकदम कामावरून कमी केलं. देशाची लोकसंख्या तेव्हा जेमतेम साडेतीन लाख. घरकर्जांचा जुगार खेळला गेला तो अमेरिकेत. नासाऊतल्या वेटरने, खोल्या आवरणाऱ्या बाईने त्यात एक पैसाही लावला नव्हता.

मग तो फटका समुद्र ओलांडून आला कसा?

बहामात येणाऱ्या पर्यटकांपैकी बहुतेक सगळे अमेरिकन. नोकरीची खात्री उरली नाही की माणूस घराचा हप्ता भरतो, किराणा भरतो. सुट्टीचा बेत मात्र आधी रद्द करतो. म्हणूनच अमेरिकेत बाजार नुसता थंडावला, तरी बेटावर हॉटेलांचे मजलेच्या मजले रिकामे पडतात.

(दृश्य: धक्क्याला लागलेली क्रूझ जहाजं, बे स्ट्रीटवरची गर्दी)

ही गर्दी पाहून फसू नका. क्रूझचा प्रवासी जेवतो जहाजावर, झोपतोही जहाजावर. दुपारभर फिरतो, एखादी गवती टोपी घेतो आणि परत जातो. बेटाला जगवतो तो चार-पाच रात्री राहणारा मुक्कामी पर्यटक. टॅक्सी, मासळी, कपडे धुणारी लाँड्री, संध्याकाळचा वादक, सगळ्यांची कमाई त्याच्या मुक्कामावर. आटला तो नेमका हाच पर्यटक. २००८ मध्ये ८.७ टक्के असलेली बेकारी २००९ मध्ये १४.२ टक्क्यांवर गेली.

दुसरी वाट बांधकामाची. अमेरिकन पैशावर बंगले आणि हॉटेलं उभी राहायची होती. ग्रँड बहामा बेटाच्या पश्चिम टोकाचा अवाढव्य प्रकल्प कर्ज थकल्यामुळे अडला आणि गवंडी-सुतारांचं कामही गेलं.

अशा वेळी मोठा देश काय करतो? अमेरिकेने डिसेंबर २००८ मध्ये व्याजदर जवळपास शून्यावर आणले. बहामाला ते जमणारं नव्हतं. १९७३ पासून एक बहामियन डॉलर म्हणजे एक अमेरिकी डॉलर. अन्नधान्यापासून इंधनापर्यंत जवळजवळ सगळं बाहेरून येतं, त्यामुळे चलन घसरू दिलं तर बाजारहाटच महागेल. ही बांधणी मला चुकीची वाटत नाही. पण ती टिकवायची तर डॉलरची गंगाजळी सांभाळावी लागते. व्याज उतरवलं की लोक जास्त कर्ज घेतात, जास्त आयात करतात आणि तेच डॉलर बाहेर जातात. म्हणून मध्यवर्ती बँकेने आपला ५.२५ टक्क्यांचा दर धरून ठेवला; तो ४.५ वर आला थेट जून २०११ मध्ये.

सरकारची तिजोरीही पर्यटकांच्याच जिवावर. बहामात आयकर नाही, तेव्हा मोठा आधार होता आयात शुल्काचा. पर्यटक नाहीत म्हणून आयात कमी, आयात कमी म्हणून शुल्क कमी. आणि मदतीची गरज सर्वांत जास्त तेव्हाच. २००९ मध्ये बेकारभत्ता सुरू झाला, ही खरोखर मोलाची गोष्ट. पण कर्जाचा डोंगर वाढत गेला.

(दृश्य: नासाऊतली वस्ती, बंद दुकानाचं शटर)

अमेरिकेची मंदी अधिकृतरीत्या संपली जून २००९ मध्ये. तिथली बेकारी त्याच वर्षी १० टक्क्यांवर जाऊन पुढे उतरत गेली. बहामात मे २०१३ मध्ये ती १६.२ टक्के होती. या चार वर्षांत शाळा संपवून कामाला लागायला निघालेल्या पोरांच्या वाट्याला काय आलं असेल?

आणि जानेवारी २०१५ मध्ये, तिजोरी सावरण्यासाठी, देशात पहिल्यांदाच खरेदीवरचा मूल्यवर्धित कर (व्हॅट) लागला: साडेसात टक्के. २००८ मध्ये नोकरी गेलेल्यांनाही तो भरावा लागला.