पॅकार्ड : मालकाच्या साक्षीवर उभी राहिलेली मोटार

अमेरिकेतील श्रीमंतांची मोटार म्हटली की आज बहुतेकांना कॅडिलॅक आठवते. पहिल्या महायुद्धापासून दुसऱ्या महायुद्धापर्यंतच्या काळात मात्र हा मान पॅकार्डकडे होता. बँकांचे संचालक, गिरण्यांचे मालक, चित्रपटसृष्टीतील तारे आणि परदेशांतील राजघराणी यांच्या दारात ती उभी असे. हिंदुस्थानातील संस्थानिकांच्या मोटारखान्यांतही ती पोहोचली होती. अशी प्रतिष्ठा असलेली कंपनी १९५८ नंतर एकही गाडी का बनवू शकली नाही, याचे एक उत्तर मोटारींच्या इतिहासात इतक्या वेळा दिले गेले आहे की ते आता सर्वमान्यच झाले आहे. स्वस्त गाडी काढून पॅकार्डने आपली प्रतिष्ठाच घालवली, हे ते उत्तर अर्धेच खरे आहे, असे आमचे मत आहे.

ओहायो राज्यातील वॉरेन या लहान शहरात जेम्स वॉर्ड पॅकार्ड आणि विल्यम डाउड पॅकार्ड हे दोन भाऊ विजेची उपकरणे तयार करण्याचा कारखाना चालवत होते. जेम्स हा शिक्षणाने यांत्रिकी अभियंता होता आणि यंत्राच्या अचूकतेविषयी कमालीचा काटेकोर होता. पुढे त्याने स्वित्झर्लंडच्या पाटेक फिलिप कंपनीकडून स्वतःसाठी अत्यंत गुंतागुंतीची घड्याळे बनवून घेतली, यावरून त्याच्या स्वभावाची कल्पना येते. १८९८ मध्ये त्याने क्लीव्हलँडच्या अलेक्झांडर विंटन यांच्या कारखान्यातून एक मोटार विकत घेतली. ती वॉरेनला आणताना वाटेतच बिघडली आणि पुढेही कुरकुरत राहिली. जेम्सने विंटन यांच्याकडे दोष दाखवून सुधारणा सुचवल्या, तेव्हा इतके कळत असेल तर स्वतःच गाडी का बनवत नाही, अशा अर्थाचे उत्तर त्याला मिळाले, असे सांगतात. संवाद नेमका कसा घडला हा भाग सोडून देऊ. त्यानंतर जे झाले त्याची मात्र नोंद आहे. विंटन यांच्याकडील दोन जाणकार माणसे पॅकार्ड बंधूंकडे आली आणि ६ नोव्हेंबर १८९९ रोजी पहिली पॅकार्ड वॉरेनच्या रस्त्यावर धावली. एका सिलिंडरची ती गाडी पेनसिल्व्हेनियातील लीहाय विद्यापीठाने, म्हणजे जेम्स जिथे शिकला त्या संस्थेने, जपून ठेवली आहे.

गाडीविषयी माहिती विचारणाऱ्या एका ग्राहकाला काय कळवावे, असा प्रश्न कार्यालयात निघाला तेव्हा, ज्याच्याकडे ही गाडी आहे त्यालाच विचारा, असे लिहायला जेम्सने सांगितले. हे वाक्य १९०१ पासून कंपनीच्या जाहिरातींत छापले जाऊ लागले आणि अर्धशतकाहून अधिक काळ टिकले. या वाक्यात गाडीचे एकही गुणवर्णन नाही. विक्रेता बाजूला होतो आणि साक्ष देण्याचे काम मालकावर सोपवले जाते. असे वाक्य जाहिरातीत वापरण्याची हिंमत होण्यासाठी विकलेली प्रत्येक गाडी पाच-दहा वर्षांनीही मालकाच्या तोंडून चांगलेच वदवून घेईल, अशी खात्री असावी लागते. पुढील तीन दशके पॅकार्डला ती होती.

कंपनीचे मोठे उद्योगात रूपांतर केले ते हेन्री जॉय यांनी. डेट्रॉइटच्या या धनिकाने न्यूयॉर्कमध्ये पॅकार्ड गाड्या पाहिल्या, एक विकत घेतली आणि मित्रांचे भांडवल उभे करून १९०३ मध्ये सगळा कारखानाच डेट्रॉइटला आणला. ईस्ट ग्रँड बुलेव्हार्डवरील हा कारखाना वास्तुविशारद आल्बर्ट कान यांनी आखला. तेथील दहा क्रमांकाची इमारत १९०५ मध्ये सळईयुक्त काँक्रीटमध्ये बांधली गेली. लाकडी गिरणीसारख्या जुन्या कारखान्यांच्या तुलनेत तिच्यात खांब विरळ होते, प्रकाश भरपूर होता आणि आगीची भीती कमी होती. डेट्रॉइटच्या पुढील अनेक कारखान्यांनी तिचाच कित्ता गिरवला.

१९०३ च्या उन्हाळ्यात ‘ओल्ड पॅसिफिक’ नावाची पॅकार्ड सॅन फ्रान्सिस्कोहून निघून ६१ दिवसांत न्यूयॉर्कला पोहोचली. मोटारीने अमेरिका ओलांडण्याचा पहिला मान मात्र तिला मिळाला नाही. तो काही आठवडे आधी दुसऱ्या एका गाडीने पटकावला होता, आणि ती गाडी नेमकी विंटनची होती.

१९०४ पासून पॅकार्डच्या रेडिएटरला एक विशिष्ट आकार आला. वरच्या कडेला खांद्यासारखे वळण असलेला हा आकार कंपनीने दशकानुदशके जवळजवळ तसाच ठेवला. दरवर्षी रूप बदलून जुन्या गाडीला शिळी ठरवण्याची पद्धत इतरत्र रूढ होत असताना पॅकार्डच्या मालकाला आपली आठ वर्षांची गाडीही नव्या गाडीच्या शेजारी निःसंकोच उभी करता येत असे. प्रतिष्ठेचा मोठा भाग या स्थैर्यात होता, आणि पुढे अडचण निर्माण झाली तीही इथूनच.

१९१५ मध्ये ‘ट्विन सिक्स’ बाजारात आली. जेसी व्हिन्सेंट या अभियंत्याच्या देखरेखीखाली तयार झालेल्या या गाडीत १२ सिलिंडरचे इंजिन होते, आणि असे इंजिन इतक्या संख्येने बनवून विकण्याचे धाडस तोवर कोणी केले नव्हते. त्यामागे केवळ वेगाचा सोस नव्हता. सिलिंडर वाढले की प्रत्येक स्फोटाचा हिसका लहान होतो, चालण्यात सुरळीतपणा येतो आणि सारखे गिअर बदलावे लागत नाहीत. त्या काळच्या जड, खडखडणाऱ्या गाड्यांत बसलेल्या माणसाला हा फरक पहिल्या मैलातच कळत असे. १९१७ मध्ये अमेरिका युद्धात उतरली, तेव्हा याच व्हिन्सेंट यांनी एल्बर्ट हॉल यांच्यासह वॉशिंग्टनच्या एका हॉटेलात बसून अवघ्या काही दिवसांत विमानाच्या ‘लिबर्टी’ इंजिनाचा आराखडा तयार केला. ४ मार्च १९२१ रोजी वॉरन हार्डिंग शपथविधीसाठी पॅकार्ड ट्विन सिक्समध्ये बसून गेले. मोटारीतून या समारंभाला जाणारे ते पहिले अमेरिकी राष्ट्राध्यक्ष होत. आल्व्हन मॅकॉली यांच्या अध्यक्षतेखाली विसाच्या दशकात पॅकार्डने कॅडिलॅकला विक्रीत मागे टाकले, आणि तेही कॅडिलॅकमागे असलेल्या जनरल मोटर्ससारख्या बलाढ्य समूहाचे पाठबळ नसताना.

१९२९ मध्ये शेअर बाजार कोसळल्यानंतर चित्र पालटले. ज्यांच्याकडे अजून पैसा होता त्यांनाही रांगेत उभ्या असलेल्या बेकारांसमोरून बारा सिलिंडरची गाडी नेणे अवघड वाटू लागले. महागड्या गाड्यांच्या इतर कंपन्यांपैकी पीअरलेसने मोटारी बनवणे थांबवले, ड्यूसेनबर्ग १९३७ मध्ये बंद पडली आणि पीअर्स-ॲरो १९३८ मध्ये संपली. पॅकार्डने १९३२ मध्ये ‘लाइट एट’ नावाची कमी किमतीची गाडी काढून पाहिली, परंतु ती जुन्याच पद्धतीने, जवळजवळ मोठ्या गाडीइतकाच खर्च करून बनवली जात होती. कमी किमतीला विकायची आणि जास्त खर्चात बनवायची, हा व्यवहार वर्षभरातच गुंडाळावा लागला.

त्यावरून शहाणे होऊन कंपनीने जनरल मोटर्समध्ये तयार झालेली, मोठ्या प्रमाणावरील उत्पादनाची जाण असलेली माणसे आणली. जॉर्ज ख्रिस्तोफर हे त्यांत प्रमुख होते. १९३५ मध्ये ‘वन-ट्वेंटी’ आली. तिची किंमत एक हजार डॉलरच्या आसपास होती, तर मोठ्या मालिकेतील पॅकार्डला दोन हजारांहून अधिक मोजावे लागत. विशेष म्हणजे या स्वस्त गाडीला हायड्रॉलिक ब्रेक होते आणि तिची पुढची चाके स्वतंत्र सस्पेन्शनवर होती. मोठ्या गाड्यांना या दोन्ही गोष्टी मिळायला १९३७ उजाडले. म्हणजे दोन वर्षे कंपनीची स्वस्त गाडीच काही बाबतींत महाग गाडीपेक्षा पुढारलेली होती. वन-ट्वेंटीवर ग्राहकांची झुंबड उडाली. १९३७ मध्ये त्याहूनही स्वस्त ‘सिक्स’ आली आणि त्या वर्षी पॅकार्डचे उत्पादन एक लाखाच्या पुढे गेले.

सर्वमान्य उत्तर म्हणतात ते इथे येते. वन-ट्वेंटीने पॅकार्डची अब्रू घालवली, असे ते उत्तर सांगते. शेजारच्या दुकानदारालाही पॅकार्ड परवडू लागल्यावर बँकेच्या संचालकाला तिच्यात काय राहिले, असा हा युक्तिवाद आहे. पण मोठ्या गाड्यांची मागणी इतकी आटली होती की वन-ट्वेंटी नसती तर पॅकार्डची अखेर पीअर्स-ॲरोच्या सोबतीनेच झाली असती. चूक स्वस्त गाडी काढण्यात नव्हती. तिला तेच नाव, तोच रेडिएटर आणि चाकांच्या मध्यभागी तीच लाल षटकोनी खूण देण्यात ती होती. कॅडिलॅकने स्वस्त गाडीसाठी १९२७ पासून ‘लासाल’ हे वेगळे नाव वापरले होते, आणि १९४० मध्ये गरज संपल्यावर ते नाव बाजूला ठेवता आले. पॅकार्डकडे बाजूला ठेवण्यासारखे दुसरे नावच नव्हते.

दुसऱ्या महायुद्धात कारखान्याने पुन्हा आपली ताकद दाखवली. ब्रिटनच्या रोल्स-रॉइस मर्लिन या विमान इंजिनाचे उत्पादन अमेरिकेत करण्याचा प्रस्ताव हेन्री फोर्ड यांनी नाकारल्यावर सप्टेंबर १९४० मध्ये ते काम पॅकार्डला मिळाले. ब्रिटिश आराखडे कुशल हातांनी एकेक भाग जुळवून बसवण्याच्या पद्धतीवर बेतलेले होते. पॅकार्डच्या अभियंत्यांनी ते यंत्रावर मोठ्या संख्येने बनवता येतील असे नव्याने रेखाटले आणि युद्ध संपेपर्यंत ५५ हजारांहून अधिक मर्लिन इंजिने तयार केली. मस्टँग लढाऊ विमान आणि लँकॅस्टर बॉम्बफेकी विमान यांना बळ देणाऱ्या इंजिनांत त्यांचा मोठा वाटा होता. इकडे सोव्हिएत संघाच्या नेत्यांसाठी १९४५ मध्ये बनलेल्या झीस-११० या मोटारीचे रूप युद्धापूर्वीच्या पॅकार्डशी इतके जुळत होते की ओळखायला तज्ज्ञ लागत नसे. साम्यवादी सत्तेलाही आपल्या थाटासाठी भांडवलशहांचीच गाडी नमुना म्हणून घ्यावीशी वाटली, ही पॅकार्डच्या लौकिकाची बरीच बोलकी पावती म्हणावी लागेल.

युद्धातून कंपनी कर्जमुक्त बाहेर पडली होती, आणि खरी संधी तेव्हा होती. लोकांच्या हाती पैसा होता, गाड्यांचा तुटवडा होता आणि पोलाद मोजूनमापून मिळत होते. जेवढे पोलाद आहे तेवढ्यातून महागड्या गाड्या बनवून जुने स्थान परत मिळवता आले असते. कॅडिलॅकने महागड्या गाड्यांखेरीज काही बनवलेच नाही. पॅकार्डने मात्र मध्यम किमतीच्या गाड्यांवर भर कायम ठेवला. मंदीत तग धरण्यासाठी स्वीकारलेला मार्ग भरभराटीतही सोडवला नाही. १९४८ मध्ये आलेल्या फुगीर आकाराच्या गाड्यांना लोकांनी ‘गाभण हत्तीण’ म्हणून हिणवले. १९४९ मध्ये कॅडिलॅकने नवे व्ही-८ (व्ही आकारात मांडलेल्या आठ सिलिंडरचे) इंजिन आणले, तर पॅकार्डला तसे इंजिन १९५५ पर्यंत जमले नाही. मध्यंतरी ‘अल्ट्रामॅटिक’ हा स्वयंचलित गिअर कंपनीने स्वतःच्या बळावर विकसित केला, ही अभियांत्रिकीतील मोठी कामगिरी होती. परंतु ग्राहकाला तिच्यापेक्षा कॅडिलॅकची शेपटीवरची पाती जास्त दिसत होती. १९५० मध्ये कॅडिलॅकने एका वर्षात एक लाख गाड्यांचा टप्पा ओलांडला.

१९५२ मध्ये घरगुती उपकरणांच्या व्यवसायातून आलेले जेम्स नॅन्स अध्यक्ष झाले. स्वस्त गाड्यांना ‘क्लिपर’ हे वेगळे नाव द्यायचे आणि पॅकार्ड फक्त महाग गाडीसाठी राखायचे, हे त्यांना लगेच उमगले. वीस वर्षे आधी हे कोणाला सुचले असते तर ही कथा वेगळी झाली असती. आता मात्र पायाखालची जमीन सरकत होती. पॅकार्डची बॉडी ब्रिग्ज ही बाहेरची कंपनी बनवत असे. १९५३ च्या अखेरीस क्रायस्लर या मोटार कंपनीने ब्रिग्जच विकत घेतली आणि प्रतिस्पर्ध्यासाठी बॉडी बनवण्यात क्रायस्लरला रस नव्हता. पॅकार्डला कॉनर ॲव्हेन्यूवरच्या भाड्याच्या, अपुऱ्या इमारतीत घाईघाईने सगळी जुळणी हलवावी लागली. त्याच सुमारास, १ ऑक्टोबर १९५४ रोजी, तिने इंडियाना राज्यातील साउथ बेंडची स्टुडबेकर ही मोटार कंपनी ताब्यात घेतली आणि नंतर लक्षात आले की स्टुडबेकरला तोटा टाळण्यासाठी लागणाऱ्या विक्रीचा आकडा सांगितल्यापेक्षा कितीतरी मोठा आहे.

१९५५ ची पॅकार्ड कागदावर उत्कृष्ट होती. नव्या व्ही-८ इंजिनाबरोबर तिला ‘टॉर्शन-लेव्हल’ सस्पेन्शन मिळाले होते. त्यात नेहमीच्या स्प्रिंगांऐवजी पुढच्या आणि मागच्या चाकांना जोडणाऱ्या लांब, पीळ खाणाऱ्या सळया होत्या, आणि मागे ओझे वाढले तर विजेवरची मोटर गाडी पुन्हा समतल करत असे. खड्डेमय रस्त्यावर ही गाडी बरोबरीच्या कोणत्याही अमेरिकी गाडीपेक्षा शांतपणे जात असे. पण कॉनर ॲव्हेन्यूच्या दाटीत जुळणी ढिसाळ झाली, नव्या इंजिनांत तेलाच्या तक्रारी निघाल्या आणि गाड्या दुरुस्तीसाठी विक्रेत्यांकडे परत येऊ लागल्या. मालकाला विचारा म्हणणाऱ्या कंपनीच्या मालकांना आता खरोखरच कोणी विचारत होते, आणि ते जे सांगत होते त्याने विक्री झपाट्याने खाली आली.

२५ जून १९५६ रोजी डेट्रॉइटमधील शेवटची पॅकार्ड बाहेर पडली. त्यानंतरची दोन वर्षे साउथ बेंडमध्ये स्टुडबेकरच्याच गाड्यांवर पॅकार्डचे नाव लावून विकण्यात आल्या, त्यांना लोकांनी ‘पॅकार्डबेकर’ म्हणून चिडवले, आणि १९५८ मध्ये तेही थांबले. १९६२ मध्ये कंपनीच्या नावातूनही पॅकार्ड हा शब्द गेला. ईस्ट ग्रँड बुलेव्हार्डवरचा कारखाना अनेक दशके ओसाड पडून राहिला आणि त्याचे पाडकाम अखेर २०२२ मध्ये सुरू झाले.

कंपनीला जी रेषा आखता आली नाही ती पुढे संग्राहकांनी आखली. जुन्या उत्कृष्ट गाड्यांची मानाची यादी ठेवणाऱ्या अमेरिकेतील क्लासिक कार क्लबने युद्धपूर्व काळातील मोठ्या मालिकेच्या पॅकार्ड त्या यादीत घेतल्या आहेत. कंपनीला मंदीतून तारणाऱ्या वन-ट्वेंटी आणि सिक्स, रेडिएटर तोच असूनही, काही मोजके अपवाद वगळता त्या यादीबाहेरच आहेत.