खेचरावरचं टपाल आणि 'मेट्रोपॉलिटन' गाव

हे खेचर बघा. पाठीच्या दोन्ही बाजूंना क्रेट बांधलेत, त्यात औषधं आहेत, किराणा आहे, ऑनलाइन मागवलेले खोके आहेत, आणि हे सगळं अमेरिकेच्या पोस्टाचं अधिकृत टपाल आहे बरं का. खेचर चाललंय सुपाई नावाच्या गावाला. ॲरिझोना राज्यात ग्रँड कॅनियनच्या एका फाट्यात, अगदी तळाशी, हवासुपाई आदिवासींचं हे गाव. गाडीरस्ता नाहीच. वरच्या पार्किंगपासून 8 मैल दगडधोंड्यांतून खाली उतरायचं, नाहीतर खेचर, नाहीतर हेलिकॉप्टर.

आता सरकारी यादी उघडू. सुपाई कुठे येतं? 'फ्लॅगस्टाफ मेट्रोपॉलिटन स्टॅटिस्टिकल एरिया'त. हो, मेट्रोपॉलिटन. महानगर.

पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला वाटलं टायपिंगची चूक असेल. नाहीये. आणि हे असं का झालं ते नीट समजून घेतलं की अमेरिकेचा अख्खा नकाशा वेगळा दिसायला लागतो, म्हणून हा व्हिडिओ.

तर आधी काउंटी म्हणजे काय, तर साधारण आपल्या जिल्ह्यासारखं. राज्याचे तुकडे. ॲरिझोनात 15 आहेत. आता वॉशिंग्टनमध्ये ओएमबी म्हणून एक ऑफिस आहे, ऑफिस ऑफ मॅनेजमेंट अँड बजेट, राष्ट्राध्यक्षांच्या अखत्यारीतलं. मुख्य काम बजेटचं, पण देशात कुठला भाग कुठल्या शहराचा धरायचा ही यादीपण तेच काढतात. आणि त्यांचा एक नियम पक्का आहे, काउंटी फोडायची नाही. घेतली तर अख्खी घ्यायची, सोडली तर अख्खी सोडायची. म्हणजे विटांचं बांधकाम समजा, अर्धी वीट चालत नाही.

(पडद्यावर ॲरिझोनाचा नकाशा, कोकोनिनो काउंटी रंगवलेली)

फ्लॅगस्टाफ शहर आहे कोकोनिनो काउंटीत. शहराची वस्ती 2020 च्या जनगणनेत 77 हजारांच्या आसपास. आणि काउंटी केवढी? साधारण 48 हजार चौरस किलोमीटर, म्हणजे आपल्या केरळ राज्यापेक्षा मोठी! आणि एवढ्या जागेत माणसं दीड लाखही नाहीत. पण वीट एकच ना, त्यामुळे फ्लॅगस्टाफमधला कॉलेजचा परिसर, मधलं पाइनचं जंगल, ग्रँड कॅनियनची दक्षिण कड, उत्तर कड, आणि तळातलं सुपाई, सगळं एका दमात 'महानगर'. तुम्ही कॅनियनच्या काठावर उभं राहून सेल्फी काढता तेव्हा टेक्निकली तुम्ही मेट्रो शहरातच असता.

आता वीट घ्यायची की नाही हे कसं ठरतं. आधी बघतात की दाट वस्तीचा गाभा किती मोठा आहे. गाभ्यात 50 हजार किंवा जास्त लोक असले की मेट्रोपॉलिटन, 10 हजार ते 50 हजारच्या आत असले की मायक्रोपॉलिटन. (मायक्रोपॉलिटन ऐकल्यावर मला अजूनही ओव्हनच आठवतो.) 10 हजाराच्या खाली असेल तर ती काउंटी स्वतःच्या जिवावर यादीत येत नाही. हा गाभा ज्या काउंटीत बसतो ती झाली मध्यवर्ती काउंटी.

मग शेजारच्या काउंट्या बघायच्या, आणि खरी मजा इथे आहे, कारण बिल्डिंगा कुणी मोजत नाही, दिवे मोजत नाही, मोजतात ते अपडाउन. शेजारच्या काउंटीत राहणाऱ्या कामकरी लोकांपैकी निदान 25 टक्के लोक रोज मध्यवर्ती काउंटीत कामाला जात असतील तर ती काउंटी आत. किंवा उलटं, त्या काउंटीतल्या नोकऱ्यांपैकी निदान 25 टक्के नोकऱ्यांवर मध्यवर्ती काउंटीतून येणारी माणसं असतील तरी ती आत. बस्स. चौथा माणूस कुठे जातो यावर सगळं.

आणि हे कळतं कसं तर विचारून. अमेरिकेचं जनगणना खातं वर्षभर एक सर्व्हे चालवतं, त्यात प्रश्न असतात की गेल्या आठवड्यात कामाला कुठे गेलात, कशाने गेलात, घरून किती वाजता निघालात. कुणीतरी स्वयंपाकघरात बसून 'सकाळी 6 वाजून 10 मिनिटं' असं लिहिलेलं असतं आणि तशा हजारो फॉर्मांतून नकाशाची रेघ हलते.

फिनिक्सचं उदाहरण घ्या. फिनिक्स मारिकोपा काउंटीत. शेजारी पिनाल काउंटी, तिथे जागा स्वस्त, घरं मोठी, मग लोक तिथे घर घेतात आणि रोज फिनिक्सकडे कामाला पळतात. त्यामुळे मारिकोपा आणि पिनाल मिळून एक मेट्रो, 2020 मध्ये लोकसंख्या 48 लाख. आणि मध्येच एक घोळ, मारिकोपा नावाचं शहर मारिकोपा काउंटीत नाहीच, ते पिनालमध्ये आहे. नावं ठेवणाऱ्यांना नावं ठेवावी तेवढी थोडी.

तर ॲरिझोनाचा हिशोब असा. सात मेट्रो, त्यात फिनिक्सच्या दोन काउंट्या आणि बाकी सहा मेट्रो एकेका काउंटीच्या, म्हणजे टुसॉन, युमा, फ्लॅगस्टाफ वगैरे. मग मायक्रोवाल्या, पेसन, सॅफर्ड, शो लो, नोगालेस. आणि उरलेल्या काउंट्या कशातच नाहीत, जशी ईशान्य कोपऱ्यातली लांबुळकी अपाची काउंटी. नावाहो आदिवासींच्या सरकारची राजधानी विंडो रॉक इथेच आहे, म्हणजे राजधानी आहे, पण यादीच्या हिशोबात गाभा नाही.

नोगालेसवर जरा थांबतो, कारण मला हे सगळ्यात जास्त खटकलं. अमेरिकेतलं नोगालेस वीसेक हजार वस्तीचं, सांता क्रूझ काउंटीत, म्हणून मायक्रोपॉलिटन. पण भिंतीच्या पलीकडे मेक्सिकोतलं नोगालेस आहे, तेच नाव, तीच दरी, एकाच गावाचे दोन भाग वाटावेत असं, आणि तिकडे वस्ती दोन लाखांच्या वर. रोज माणसं आणि टोमॅटो-मिरच्यांचे ट्रक फाटकातून ये-जा करतात. पण सर्व्हे अमेरिकेत राहणाऱ्यांचा, विटा अमेरिकेच्या, त्यामुळे पलीकडचा माणूस मोजणीत शून्य. कागदावर नोगालेसची गाठ मारलीये ती तासाभराच्या अंतरावरच्या टुसॉनशी. दोन भागांत 15 टक्के देवाणघेवाण असेल तर त्यांना एकत्र धरून 'कंबाइंड' एरिया करता येतो, त्यात टुसॉन-नोगालेस अशी जोडी आहे. भिंतीपलीकडचा सख्खा भाऊ नाही, लांबचा चुलत भाऊ चालतो.

आता तुम्ही म्हणाल आपल्याला काय करायचंय. तर जे एच-वन-बीवर, म्हणजे अमेरिकेतल्या नोकरीच्या व्हिसावर आहेत किंवा ज्यांच्या घरात कुणी आहे त्यांनी एमएसए ही तीन अक्षरं वकिलाच्या ईमेलमध्ये नक्की वाचली असतील. एमएसए म्हणजे हेच, मेट्रोपॉलिटन स्टॅटिस्टिकल एरिया. व्हिसासाठी कंपनीने किमान किती पगार द्यायचा हे सरकार भागाप्रमाणे ठरवतं, आणि तो भाग बहुतेक करून याच नकाशावरून. 2015 मध्ये इमिग्रेशन खात्याच्या अपील ऑफिसने सिमिओ सोल्युशन्स प्रकरणात निकाल दिला की कामाची जागा बदलून त्या भागाच्या बाहेर गेली आणि पगाराचा कागद नव्याने करावा लागणार असेल तर व्हिसाची पिटिशनही सुधारून भरायची. एमएसएच्या आत हललात तर तेवढं नाही, नवीन जागी नोटीस लावली की काम झालं. बाहेर पडलात की वकील चष्मा पुसून बघायला लागतो. 2020 मध्ये लोक लॅपटॉप घेऊन कुठे कुठे राहायला गेले आणि मग घरोघरी एकच प्रश्न, 'अरे आपली काउंटी कुठली?'

न्यू जर्सीत तर हे नदीच्या दोन काठांवर दिसतं. न्यू जर्सीच्या 21 च्या 21 काउंट्या कुठल्या ना कुठल्या मेट्रोत आहेत, मायक्रो एकही नाही. एडिसन, जिथे ओक ट्री रोडला आपले लोक कोथिंबीर आणि कढीपत्ता आणायला जातात, ते मिडलसेक्स काउंटीत, म्हणजे न्यूयॉर्क मेट्रोत. प्लेन्सबरो पण मिडलसेक्स, न्यूयॉर्क. पण मिलस्टोन नदीवरचा छोटासा पूल ओलांडला की वेस्ट विंडसर, ती मर्सर काउंटी, आणि तिचा मेट्रो ट्रेंटन-प्रिन्स्टन. आता या दोन गावांची शाळा व्यवस्था एकच आहे! वेस्ट विंडसर-प्लेन्सबरो नावाचाच शाळा जिल्हा, एक हायस्कूल या गावात, दुसरं त्या गावात. न्यूयॉर्कला जाणारी मंडळी दोन्हीकडची, ट्रेन धरतात प्रिन्स्टन जंक्शनला, आणि ते स्टेशन वेस्ट विंडसरमध्ये. म्हणजे प्लेन्सबरोचा माणूस न्यूयॉर्क मेट्रोतल्या घरातून निघतो, ट्रेंटन मेट्रोत गाडी पार्क करतो आणि परत न्यूयॉर्क मेट्रोत कामाला जातो. मर्सर वेगळी का, तर ट्रेंटनला स्वतःचा गाभा आहे, राज्याची राजधानी आहे, तिथल्या नोकऱ्या आहेत, आणि न्यूयॉर्ककडे पळणारे भरपूर दिसले तरी चौथा माणूस लागतो.

तशी ही मोजणी जुनी. 1949 मध्ये, 1950 च्या जनगणनेआधी, पहिल्यांदा सगळ्या सरकारी खात्यांसाठी मिळून एक व्याख्या ठरली, नाहीतर आकडे जुळेचनात. मायक्रोपॉलिटन मात्र अगदी अलीकडचं, पहिली यादी 2003 ची. त्याआधी मेट्रो नसेल ते सगळं एकाच पोत्यात, 30 हजारांचं बाजाराचं गाव आणि माणूस नसलेलं वाळवंट सारखंच.

ओएमबी स्वतः सांगतं की हे फक्त आकडेवारीसाठी आहे, पैसे वाटायला आमचा नकाशा वापरायचा तर तुमच्या जबाबदारीवर वापरा. ऐकतो कोण. म्हातारपणाच्या विम्यात, म्हणजे मेडिकेअरमध्ये, हॉस्पिटलला मिळणारे पैसे तिथल्या पगारांच्या पातळीवर ठरतात आणि ती पातळी याच भागांवर, वर मायक्रो असाल तर तिथे तुम्ही चक्क ग्रामीण. घरभाड्याच्या मदतीचे आकडे याच भागांवर. शहरांना केंद्राकडून थेट मिळणारं एक अनुदान मेट्रोच्या मुख्य शहराला हक्काने मिळतं.

म्हणून 2021 मध्ये जेव्हा प्रस्ताव आला की मेट्रोचा उंबरठा 50 हजारावरून 1 लाख करू, कारण 50 हजार हा आकडा ठरला तेव्हापासून देशाची लोकसंख्या दुपटीच्या वर गेलीये, तेव्हा जी बोंब उठली ती विचारू नका. 144 मेट्रो एका रात्रीत मायक्रो झाले असते. फ्लॅगस्टाफही त्यातच. महापौर, खासदार, सगळ्यांनी विरोधाची पत्रं लिहिली. तर्काने बघितलं तर प्रस्ताव चुकीचा नव्हता असं माझं मत, पण दप्तरात नाव बदललं की दवाखान्याचे पैसे बदलतात हे माहीत असल्यावर कोण गप्प बसेल. जुलै 2021 मध्ये ओएमबीने उंबरठा आहे तिथेच ठेवला. 2023 च्या यादीत पोर्तो रिको धरून 393 मेट्रो आणि 542 मायक्रो आहेत.

आता परत खेचराकडे. सुपाईचं टपाल फ्लॅगस्टाफहून येत नाही. ते येतं पीच स्प्रिंग्जच्या पोस्टातून, आणि तिथे मोठा फ्रीझर ठेवलाय कारण टपालात गोठवलेलं अन्नही असतं. पीच स्प्रिंग्ज मोहावे काउंटीत, म्हणजे लेक हवासू सिटी-किंगमन मेट्रो. सुपाईतून बाहेर जाणाऱ्या पत्रांवर खेचरांच्या टपालाचा खास शिक्का मारतात, हौशी लोक गोळा करतात तो. शिक्का मारलेलं पत्र क्रेटमध्ये जातं, खेचर 8 मैल वर चढतं, वर गाडी उभी असते, आणि एका महानगरातलं टपाल निघतं दुसऱ्या महानगराकडे.