नवी अल्युमिनियमची होडी आणि आज्जीचा ढब्बू पैसा

श्रोतेहो, नमस्कार.

हिडकलचं पाणी असो, सौंदत्तीकडं नविलतीर्थाचं असो, नाहीतर निपाणी-चिकोडीकडची वेदगंगा-दूधगंगा, ज्यांचं पोट मासेमारीवर आहे आणि ज्यांच्या मनात यंदा हरिगोल, म्हणजे टोपलीसारखी गोल नाव, सोडून अल्युमिनियमची होडी घ्यायची आहे, त्यांच्यासाठी आजचं बोलणं. होडी कशी घ्यायची, आणि घेतल्यावर तिच्यात काय बसवायचं, काय बसवायचं नाही.

आधी पत्रा. होडीचा पत्रा म्हणजे भांड्याचा पत्रा नव्हे, आणि शेडवर घालतात तोही नव्हे. तो मऊ असतो, एका दगडाला पोचतो. होडीला मॅग्नेशियम मिसळलेला पत्रा लागतो. त्याचे दोन नंबर कागदावर लिहून घ्या: ५०५२ आणि ५०८३. परत सांगतो, पाच-शून्य-पाच-दोन आणि पाच-शून्य-आठ-तीन. ५०८३ जास्त ताकदीचा आणि महाग. गोड्या पाण्याला ५०५२ पुरतो. पत्र्यासोबत कारखान्याचा दाखला येतो, त्यावर हा नंबर असतो. दाखला बघितल्याशिवाय इसार देऊ नका. आपल्या बेळगावात यमनापूरला हिंडाल्कोच्या कारखान्यात अल्युमिना, म्हणजे अल्युमिनियम ज्यापासून काढतात ती पूड, तयार होतो, तरी कारखान्यांच्या अख्ख्या उद्यमबागेत फिरून होडीचा पत्रा हातात पडेलच असं नाही, याचं वाईट वाटतं. असो.

जाडी म्हणाल तर १४ फुटी होडीला बाजू २ मिलिमीटर आणि तळ ३ मिलिमीटर. तळात पैसे वाचवू नका. आपल्या नद्यांना कोल्हापुरी बंधारे आहेत, उन्हाळ्यात त्यांच्या खालचे दगड उघडे पडतात, आणि तळ घासला जातो तो तिथंच. फॅब्रिकेटर किलोवर दर सांगत असेल तर हिशेब सोपा आहे. २ मिलिमीटरचा पत्रा एका चौरस मीटरला ५.४ किलो भरतो, ३ मिलिमीटरचा ८.१ किलो. मापं घ्या, गुणाकार करा, मग बोला.

जोड आर्गन वेल्डिंगचेच. तार कुठली वापरणार, हे मेस्त्रींना विचारा. उत्तर ५३५६ आलं तर मेस्त्री जाणकार. ४०४३ म्हणाले तर ५०८३ च्या पत्र्याला ती तार चालत नाही, जोड ठिसूळ होतो. आणि जोड ग्राइंडरनं घासून गुळगुळीत करू नका म्हणावं. दिसायला बरं दिसतं, पण जोडाचं मास जातं.

आता मुख्य गोष्ट. अल्युमिनियमला लोखंडासारखा तांबडा गंज चढत नाही, म्हणून लोक निर्धास्त असतात. पण त्याला एक शत्रू आहे: तांबं. तांबं, अल्युमिनियम आणि मध्ये ओल, ही तीन एकत्र येऊ द्यायची नाहीत. का, ते गोष्टीतूनच ऐका.

हिडकलच्या मागच्या पाण्याला लागून एक गाव आहे. नाव सांगत नाही, ऐकत असतील तर त्यांना कळेलच. तिथल्या एका तरुणानं १४ फुटी होडी करून घेतली. तळ २ मिलिमीटरचाच, पैसे वाचवायला. होडी पाण्यात सोडायच्या दिवशी पूजा झाली, नारळ फुटला, ओटी भरली. आज्जीनं बटव्यातून एक ढब्बू पैसा काढला. जुना, शुद्ध तांब्याचा, तिच्या सासूनं तिला दिलेला. म्हणाली, "लक्ष्मी आहे रे, होडीच्या पोटात असू दे." नातवानं तो पुढच्या बाजूला, तळाच्या दोन पट्ट्यांच्या मध्ये ठेवला, वर प्लाय टाकला आणि स्क्रू आवळले. पैसा दिसेनासा झाला, आणि सगळे विसरून गेले.

दोन पावसाळे होडी छान चालली. बर्फात मीठ घालून मासे आणायचे, त्याचं पाणी गळून तळात जायचं, वर गाळ बसायचा. तिसऱ्या वर्षी तळात पाणी दिसू लागलं. आधी वाटलं, जाळ्याचं निथळलेलं असेल. मग जाळं न नेताही पाणी दिसलं. सकाळी उपसायला दोन तांबे, पुढं चार, पुढं बादली.

पोरगा होडी ट्रॉलीवर घालून मेस्त्रींकडं गेला. "मेस्त्री, तुमच्या जोडातनं पाणी याय लागलंय." मेस्त्री चिडले, पण माणूस कामाचा. त्यांनी होडी ओंडक्यांवर ठेवली, आत चार बोटं पाणी भरलं, बाहेरून तळ कोरडा पुसला आणि त्यावर खडूची पूड चोळली. गळती शोधायची ही रीत लक्षात ठेवा: पाणी आत, खडू बाहेर. तासाभरात खडूवर एक ओला ठिपका उमटला. टाचणीच्या टोकाएवढा. आणि तो जोडावर नव्हता, जोडापासून वीतभर लांब, सपाट पत्र्याच्या मधोमध.

"बघ. माझा जोड कोरडा ठणठणीत हाय. दगड लागलाय तुला."

"दगड लागला असता तर पोचा पडला नसता काय, मेस्त्री?"

ह्याला मेस्त्रींकडं उत्तर नव्हतं. त्यांनी पाणी काढलं, बाहेरून भोकावर वेल्डिंग मारलं आणि पोरगा घरी आला. तीन आठवड्यांनी परत पाणी. परत खडू. ह्या वेळी ठिपका जुन्या वेल्डिंगच्या बोटभर शेजारी. मेस्त्री म्हणाले पत्रा खोटा, पत्रावाला फोनवर म्हणाला वेल्डिंगची उष्णता जास्त झाली. घरात आईनं होडीला लिंबू-मिरची बांधली. शेजारचे म्हणाले, नवीन होडी, नजर लागणारच. (नजरेचं म्हणाल तर होडीवर रंगीत लाइटची माळ लावून रात्री पाण्यात फिरणाऱ्यांना ती लागत नाही, कष्टाच्या होडीलाच कशी लागते, हे काही उमगत नाही.)

मग यात्रेला दाजी आले. दाजी फाउंड्रीत कामाला. त्यांनी सगळं ऐकलं आणि एकच विचारलं, "आतनं प्लाय काढून बघितला काय?"

कुणीच काढला नव्हता. सगळे बाहेरूनच बघत होते.

प्लाय काढायला बसले तर स्क्रू निघेनात. लोखंडी स्क्रू, गंजून बसलेले. छिन्नीनं तोडून प्लाय उचलला. खाली ओल्या चुन्यासारखा पांढरा लगदा, आणि त्यात रुतलेला हिरवा पडलेला ढब्बू पैसा. पैसा काढला, जागा धुतली. पत्र्यावर पैशाएवढ्या गोलात खड्डेच खड्डे, आणि त्यातले दोन आरपार गेलेले. मेस्त्रींनी बाहेरून भोक बुजवलं, पण भोक पाडणारा आतच बसला होता.

आज्जी काठावर उभी होती. म्हणाली, "म्हंजे लक्ष्मीनं भोक पाडलं होय रे?"

दाजी म्हणाले, "लक्ष्मीनं नव्हं आज्जी, तांब्यानं."

"मग चांदीचा देते."

"चांदी तर तांब्याहून वाईट."

"मग काय सोन्याचा देऊ?"

"सोनं त्याहूनही वाईट, आज्जी."

"बरं झालं," आज्जी म्हणाली, "सोन्याचा द्यायला नव्हताच."

दाजींचं बोलणं थट्टेचं नव्हतं. दोन वेगळे धातू ओलीत एकमेकांना टेकले की त्यातला हलक्या दर्जाचा झिजतो आणि वरच्या दर्जाचा शाबूत राहतो. अल्युमिनियम ह्यात हलकं. तांबं, चांदी, सोनं क्रमानं वरचढ. ओलीत मीठ असलं की झीज झपाट्यानं होते, आणि बर्फाच्या पाण्यातलं मीठ तिथं होतंच. म्हणून परत तेच: तांबं, अल्युमिनियम आणि मध्ये ओल, एकत्र नको.

ती होडी पुढं नीट झाली. खड्ड्यांचा पूर्ण भाग कापून काढला, तेवढाच नवा पत्रा बसवला, त्याचे कोपरे गोल ठेवले, कारण चौकोनी कोपऱ्यातून तडा सुरू होतो. वेल्डिंगआधी स्टेनलेस स्टीलच्या नव्या ब्रशनं जागा घासली. लोखंडावर वापरलेला ब्रश चालत नाही. पैसा देव्हाऱ्यात गेला आणि होडीत सुपारी आली.

आता ह्याच गोष्टीच्या मागं बाकीचं सामान लावून घ्या. फळीला लोक हौसेनं मरीन प्लाय घालतात, ७१० नंबरचा. चांगला प्लाय, पण तो किडू नये म्हणून त्यात बहुधा तांब्याचंच औषध मुरवलेलं असतं. तो उघडा पत्र्यावर टेकवू नका. सगळ्या बाजूंनी, कापलेल्या कडांनासुद्धा, एपॉक्सीचे दोन हात द्या आणि खाली रबराची पट्टी घाला. नट-बोल्ट स्टेनलेसचे, प्रत्येकाखाली नायलॉनचं वायसर. पितळी काहीही नको, पितळेत तांबं असतं. रंग लावायचा तर आधी झिंक क्रोमेटचा प्रायमर. शेंदरी प्रायमर लोखंडासाठी असतो, त्यातलं शिसं अल्युमिनियमला बाधतं.

धुताना राख आणि धुण्याचा सोडा वापरू नका. सोड्यानं अल्युमिनियमचं पातेलं काळं पडतं, हे घरात सगळ्यांना माहीत आहे. साधं पाणी आणि भांड्याचा साबण पुरे. पावसाळ्यात होडी उलटी करून लाकडावर ठेवा, ओल्या सिमेंटवर नको.

इंजिन वाचवायला त्यावर बसवतात तो स्वतः झिजणारा धातूचा तुकडा, अ‍ॅनोड, तो गोड्या पाण्यात जस्ताचा नको, मॅग्नेशियमचा घ्या. जस्तावर गोड्या पाण्यात पापुद्रा धरतो आणि तो काम थांबवतो. त्यावर रंग मारू नका. आणि हो, बाहेरचा अ‍ॅनोड आतल्या पैशापासून वाचवत नाही. आतलं पाणी वेगळं, बाहेरचं वेगळं.

इंजिन किती मोठं? चौदा फुटीला पाच-सहा एचपी भरपूर. पंधरा एचपी लावून जाळं ओढायचं आहे की शर्यत? इंजिनाच्या दांड्याची लांबी मागच्या फळीच्या उंचीशी जुळवा. फळी १५ इंच तर आखूड दांडा, २० इंच तर लांब. पंख्याच्या वरची आडवी पट्टी तळाच्या बरोबर किंवा इंचभर खाली हवी. वर राहिली तर पंखा हवा ओढतो, इंजिन नुसतं ओरडतं. टू-स्ट्रोक असेल आणि पुस्तकात ५०:१ लिहिलं असेल तर लिटरला २० मिली ऑइल.

बॅटरीच्या दोन्ही तारा दिव्यापर्यंत न्या. मोटरसायकलसारखी एक तार बॉडीला जोडायची नाही. होडीला जोडली की वीज पत्रा खाते. दोरी ओढून चालू होणारं इंजिन असेल तर मीटरची एक तार बॅटरीच्या प्लसला आणि दुसरी होडीला टेकवून बघा. बारा व्होल्ट दिसले तर कुठंतरी तार बॉडीला लागली आहे. फ्यूज बॅटरीजवळ, दिव्याजवळ नव्हे.

तरंगणारा फोम विसरू नका. अल्युमिनियम पाण्यात बुडतं. शंभर किलो पत्र्याला पाण्यातसुद्धा साधारण ६३ किलो वजन उरतं. त्यात इंजिन, बॅटरी आणि धरून राहणारी माणसं. दीडशे लिटर फोम बाकड्यांखाली हवा, म्हणजे पाण्यानं भरलेली होडी तरंगत राहते. थर्माकोल नको, पेट्रोलनं तो विरघळतो. आणि लाइफ जॅकेट माणशी एक, अंगावर, बाकड्याखाली नव्हे.

अनुदानाचं एक वाक्य. प्रधानमंत्री मत्स्य संपदा योजनेत सर्वसाधारण लाभार्थ्याला ४० टक्के, आणि अनुसूचित जाती-जमाती व महिलांना ६० टक्के मदतीची तरतूद आहे. तुमची होडी त्यात बसते का, हे तालुक्याच्या मत्स्य खात्यात इसार देण्याआधी विचारा, नंतर नव्हे. 

शेवटी मागच्या फळीतलं पाणी सोडायचं बूच. फॅब्रिकेटर ते बहुधा पितळी देतो. ते काढून नायलॉनचं घाला, तेच कारण. बुचाला दोरी बांधून इंजिन बंद करायच्या लाल दोरीजवळ अडकवा, म्हणजे इंजिन सुरू करताना बूच लावायची आठवण होईल. आणि एक बूच जास्तीचं, खिशात नव्हे, होडीतच ठेवा.

नमस्कार.