पाच जणींचा बँड

कॅलिफोर्नियातल्या मॉन्टेरे संगीत महोत्सवाची फिल्म तुमच्यापैकी ज्यांनी पाहिली असेल, त्यांना कॅस एलियटचा चेहरा आठवत असेल. जून १९६७. मंचावर रॉक गायिका जॅनिस जॉप्लिन ‘बॉल अँड चेन’ गातेय आणि प्रेक्षकांत बसलेली कॅस, स्वतः नावाजलेली गायिका, थक्क होऊन ‘वाव’ म्हणते. आवाज येत नाही, नुसते ओठ हलतात. मूळ गाणं ब्लूज गायिका बिग ममा थॉर्नटनचं. तिचंच ‘हाउंड डॉग’ १९५३मध्ये गाजलं आणि तीन वर्षांनी एल्विसच्या नावावर जमा झालं. पण ते पुन्हा कधीतरी.

आज मला जॅनिसबद्दल बोलायचं नाही. पोर्ट आर्थर, सॅन फ्रान्सिस्को, सत्ताविसाव्या वर्षी मृत्यू, हे सगळं आपल्याला पाठ आहे. अकाली गेलेल्या बाईची आरती करायला सगळेच पुढे असतात. मी बोलणार आहे ‘एस ऑफ कप्स’बद्दल.

त्याच सॅन फ्रान्सिस्कोतला, १९६७मध्येच उभा राहिलेला बँड. पाचही जणी बायका. गिटार, बास, की-बोर्ड, ड्रम्स सगळं त्याच वाजवायच्या, गाणीही त्यांचीच. मॉन्टेरेनंतर लगेच गोल्डन गेट पार्कात नामांकित गिटारवादक जिमी हेंड्रिक्सचा फुकट कार्यक्रम झाला, त्याच्याआधी याच वाजवत होत्या. हेंड्रिक्सने पुढे एका इंग्रजी संगीत साप्ताहिकात त्यांच्या लीड गिटारवालीचं, मेरी एलन सिम्पसनचं, तोंडभरून कौतुक केलं. एवढं झाल्यावर रेकॉर्ड निघायला काय हरकत होती?

निघाली नाही. बायकांचा बँड विकायचा कसा, हे कंपन्यांना कळेना. इकडे मॅनेजर आणखी चांगल्या बोलीची वाट बघत राहिला. १९६९मध्ये जेफरसन एअरप्लेन या गाजलेल्या बँडच्या ‘व्हॉलंटियर्स’ अल्बमवर त्यांचे आवाज आहेत, पण मागच्या कोरसमध्ये! मग मुलं झाली. तान्ही पोरं घेऊन दौरे काढायचे कसे? सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीलाच बँड विखुरला.

आता त्याच काळातल्या लैंगिक क्रांतीकडे या. गर्भनिरोधक गोळीला अमेरिकेत मान्यता मिळाली १९६०मध्ये. विवाहित जोडप्यांचा गर्भनिरोधकं वापरण्याचा हक्क सर्वोच्च न्यायालयाने मान्य केला १९६५मध्ये. आणि अविवाहितांचा? १९७२मध्ये. म्हणजे ज्या १९६७च्या उन्हाळ्याला आपण मुक्त प्रेमाचा उन्हाळा म्हणतो, त्या उन्हाळ्यात मोकळं वागा असं मुलींना सगळेच सांगत होते, पण त्यांच्या बाजूने कायदा अजून पाच वर्षं दूर होता. जबाबदारी कुणाच्या अंगावर पडायची, ते तुम्हीच ओळखा. हेट-ॲशबरी या सॅन फ्रान्सिस्कोतल्या हिप्पी वस्तीत डिगर्स नावाच्या गटाने रोज फुकट जेवण वाढलं, त्याच्या गोष्टी फार रंगवून सांगतात. भाजी गोळा करणं, कापणं, शिजवणं बहुतेक मुलींच्या वाट्याला यायचं. क्रांती झाली तरी पंगतीला वाढणाऱ्या त्याच.

एस ऑफ कप्सचा पहिला स्टुडिओ अल्बम निघाला २०१८मध्ये. मूळ पाचांतल्या चौघी त्यात आहेत, वयं सत्तरीच्या आसपास. हेंड्रिक्सला जाऊन तोवर ४८ वर्षं झाली होती.