खाटेशेजारचं शास्त्र

श्रोतेहो, नमस्कार.

परिचारिकांचा विषय निघाला की सेवा, त्याग, ममता असे शब्द आपसूक येतात. ते खरेही आहेत. पण त्या कौतुकात या व्यवसायातलं ज्ञान झाकून जातं, असं मला फार वाटतं. म्हणून आज त्या ज्ञानाविषयी.

फ्लॉरेन्स नाइटिंगेल म्हटलं की हातात दिवा घेतलेली स्त्री आठवते. नोव्हेंबर १८५४ मध्ये, क्रिमियन युद्धाच्या वेळी, ३८ परिचारिकांना घेऊन त्या तुर्कस्तानातल्या स्कुटारीच्या ब्रिटिश लष्करी रुग्णालयात पोचल्या. तिथे सैनिक जखमांपेक्षा कॉलरा, हगवण आणि तापाने अधिक मरत होते. नाइटिंगेलबाईंनी धुलाईची, जेवणाची, स्वच्छतेची घडी बसवायला घेतली. तरी त्या हिवाळ्यात मृत्यू वाढतच राहिले. मार्च १८५५ मध्ये स्वच्छता आयोग आला, त्याने रुग्णालयाखालची तुंबलेली गटारं उपसली, हवा खेळती केली आणि मृत्यूंचं प्रमाण झपाट्याने उतरलं.

मायदेशी परतल्यावर त्यांनी संख्याशास्त्रज्ञ विल्यम फार यांच्याबरोबर बसून हे सगळे आकडे तपासले. टाळता येणाऱ्या आजारांनी किती माणसं गेली, हे सत्ताधाऱ्यांना एका नजरेत कळावं म्हणून १८५८ साली रंगीत आकृत्या छापल्या. मला त्या दिव्याइतक्याच या आकृत्या मोलाच्या वाटतात.

पुढच्याच वर्षी त्यांचं 'नोट्स ऑन नर्सिंग' आलं. त्यात निरीक्षणावर एक अख्खं प्रकरण आहे. रुग्णाला झोप बरी लागली का, असं मोघम विचारू नका. किती तास झोपला आणि रात्री कुठल्या वेळी, ते विचारा, असं त्या सांगतात. आजही वॉर्डात ड्यूटी बदलताना चांगली सिस्टर अशीच नेमकी माहिती पुढच्या सिस्टरच्या हाती देते. १८६० मध्ये लंडनच्या सेंट थॉमस रुग्णालयात त्यांच्या नावाची प्रशिक्षणशाळा सुरू झाली. १९०१ साली न्यूझीलंडने परिचारिकांच्या नोंदणीचा स्वतंत्र कायदा केला. असा कायदा करणारा तो पहिला देश.

विसाव्या शतकात परिचारिकांनी स्वतःच्या कामाचे सिद्धांत मांडले. हिल्डेगार्ड पेप्लॉ यांनी १९५२ मध्ये परिचारिका आणि रुग्ण यांचं नातं हाच उपचाराचा भाग मानला. मॅडलिन लेनिंजर यांनी रुग्णाच्या संस्कृतीकडे लक्ष वेधलं. पण मला सर्वांत जवळची वाटते ती व्हर्जिनिया हेंडरसन यांची मांडणी. ताकद, इच्छा आणि माहिती असती तर रुग्णाने स्वतःसाठी जे केलं असतं, ते त्याच्यासाठी करायचं. आणि तेही असं, की लवकरात लवकर त्याला आपली गरज उरू नये.

हे ऐकायला सोपं आहे, करायला अवघड. पक्षाघातातून सावरणारा माणूस शर्टाची बटणं लावतोय. सिस्टरने हात लावला तर काम क्षणात होईल. ती मात्र जवळ उभी राहते, बोटं कुठे अडतात ते बघते, अगदीच अडलं तर तेवढाच आधार देते. बाहेरून बघणाऱ्याला वाटतं, ही नुसती उभी आहे! औषधं देणं, ड्रेसिंग, घरी गेल्यावर काय सांभाळायचं ते शिकवणं, रुग्णाला स्वतः मांडता येत नाही ते डॉक्टरांपुढे मांडणं, ही कामं निदान दिसतात तरी. हे पारखणं दिसत नाही.

ते दिसत नाही म्हणून कमी लेखलं जातं, आणि त्याची किंमत रुग्ण मोजतात. लिंडा एकेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००२ साली अमेरिकेतल्या पेनसिल्वेनियामधल्या रुग्णालयांचा अभ्यास प्रसिद्ध केला. परिचारिकेमागे सरासरी एकेक रुग्ण वाढला, की शस्त्रक्रिया झालेल्या रुग्णांच्या तीस दिवसांत मृत्यू होण्याच्या शक्यतेत सुमारे ७ टक्के वाढ दिसली. यात मला नवल वाटत नाही. शस्त्रक्रियेनंतरची गुंतागुंत अनेकदा बारीक खुणांनी सुरू होते. श्वास थोडा जलद होतो, लघवी कमी होते, मघापर्यंत नीट बोलणारा माणूस उगाच अस्वस्थ होतो. दोन वेळा जाऊन बघायला सवड असेल तरच हा फरक लक्षात येतो आणि डॉक्टरांना वेळेत बोलावलं जातं.

तेव्हा आपलं माणूस रुग्णालयात असेल, तर यंत्रं कोणती आहेत हे विचाराच. त्याच्या वॉर्डात रात्री एका परिचारिकेकडे किती रुग्ण असतात, हेही विचारा. उत्तर समाधानकारक नसेल, तर तक्रार व्यवस्थापनाकडे करा, त्या सिस्टरकडे नको.

नमस्कार.