पंखा आधी, मोटार मागाहून

नमस्कार मंडळी. फलकावर विषय लिहिलाय, जुन्या होडीला कमी पेट्रोल खाणारी नवी मोटार कोणती घ्यावी. ज्यांना उत्तर ऐकून लगेच घरी जायचे आहे त्यांच्यासाठी सांगून टाकतो: चार स्ट्रोक, ९.९ हॉर्सपॉवर, मोठा गिअर रेशो, लांब शाफ्ट. झाले. (हशा) पण उठू नका. एवढेच पाठ करून दुकानात गेलात तर दुकानदार याच वर्णनात बसवून चुकीची मोटार तुमच्या गळ्यात मारेल.

आपली होडी धावते कशी ते आधी बघू. कांताळी, म्हणजे मासा कल्ल्यांत अडकतो ती जाळी, मारणाऱ्या २०-२५ फुटी होड्या पाणी बाजूला सारत जातात. पर्यटकांच्या स्पीडबोटीसारख्या त्या पाण्यावर चढत नाहीत, आणि जाळी, बर्फ नि चार माणसे घेऊन तर नाहीच नाही. अशा होडीच्या वेगाला निसर्गानेच लगाम घातलाय. पाण्याला टेकलेली लांबी फुटांत घ्या, तिचे वर्गमूळ काढा, १.३४ ने गुणा, म्हणजे नॉटमधला, ताशी सागरी मैलांतला, वेग मिळतो. २५ फुटांचे वर्गमूळ ५, म्हणून ६.७ नॉट. याच्या पुढे रेटले की होडी स्वतःच उठवलेल्या लाटेच्या चढणीला लागते. नाळ, म्हणजे पुढचे टोक, वर, मागचा भाग खाली. हॉर्सपॉवर दुप्पट केली तरी अर्धा-पाऊण नॉट वाढतो, मागे पांढरा फेस मात्र भरपूर येतो. तो समुद्राचा नव्हे, तुमच्या पेट्रोलचा फेस. (हशा)

आता उलट बाजू. पंख्याला, म्हणजे मोटारीखाली पाण्यात फिरणाऱ्या प्रोपेलरला, लागणारी ताकद फेऱ्यांच्या घनाने वाढते. फेरे २० टक्के कमी केले, म्हणजे ०.८ गुणिले ०.८ गुणिले ०.८, की ताकद निम्म्यावर येते. पाच सागरी मैलांवर जाळे टाकायला निघालात असे धरा. साडेसहा नॉटने ४६ मिनिटे, साडेपाच नॉटने ५५. दहा हॉर्सपॉवरची चार स्ट्रोक पूर्ण थ्रॉटलला ताशी साडेतीन लिटरच्या आसपास पिते, म्हणजे पहिल्या हिशेबात सुमारे पावणेतीन लिटर आणि दुसऱ्यात पावणेदोन-दोन. नऊ मिनिटे उशिराने पाऊण-एक लिटर वाचला, तोही फक्त जाताना. येताना बांगडा बाजारात आधी पोचवायची घाई असते हे मान्य. पण जाताना कसली घाई? मासे काही घड्याळ लावून बसलेले नसतात.

९.९ हाच आकडा का, हेही इथेच सांगतो. १ जून ते ३१ जुलै अशी ६१ दिवसांची मासेमारी बंदी आपल्याला गोव्यात लागू असते. तिच्यातून दहा हॉर्सपॉवरपर्यंतच्या, कांताळी मारणाऱ्या नोंदणीकृत होड्या सुटतात. पंधराची मोटार बसवलीत की ती सवलत संपली. म्हणजे ताकदीची मर्यादा आधीच ठरलेली आहे. प्रश्न उरतो तो एवढाच, की या दहातली किती ताकद होडीला ढकलते आणि किती नुसते पाणी घुसळते. इथून माझे गाऱ्हाणे सुरू होते. आयोजकांनी घड्याळाकडे बघू नये.

मोटार घेताना आपण विचारतो: हॉर्सपॉवर किती, किंमत किती, सबसिडी मिळते का. पंखा कोणता आहे हे विचारणारा गिऱ्हाईक शंभरात एखादा. बॉक्समधून जो निघाला तो बसला. आणि बॉक्समधला पंखा बहुधा हलक्या, पळणाऱ्या बोटीसाठी काढलेला असतो: व्यासाला लहान, पिचला मोठा. पंख्यावर दोन आकडे कोरलेले असतात. पहिला व्यास, दुसरा पिच, दोन्ही इंचांत. पाणी लोण्यासारखे घट्ट असते तर एका फेऱ्यात पंखा जेवढा पुढे सरकला असता ते अंतर म्हणजे पिच.

हिशेब करून बघू, कागद असेल तर लिहून घ्या. मोटार मिनिटाला ५००० फेऱ्यांवर, गिअर रेशो २.०८, म्हणजे मोटारीच्या २.०८ फेऱ्यांना पंख्याचा एक, म्हणून पंखा मिनिटाला २४०० फेरे. पिच ९ इंच. त्याने होडी जायला हवी जवळजवळ १८ नॉटने. जाते साडेसहाने. जवळजवळ दोन तृतीयांश घसरण! भरलेला टेम्पो चौथ्या गिअरमध्ये चोर्ला घाट चढवायला जावा, तसला हा प्रकार. आता तेच ५००० फेरे, पण गिअर रेशो २.९२. पंखा मिनिटाला १७०० फेरे, पिच ७ इंच. हिशेबाने वेग दहा नॉटच्या जरा आत, होडी जाते साडेसहा-सातने. घसरण तीस-पस्तीस टक्के. हॉर्सपॉवर तीच, पेट्रोलही तेच, पण होडीला लागलेला धक्का वेगळा. गिअर मोठा असला की सव्वानऊ इंचांऐवजी पावणेबारा इंचांचा पंखा सावकाश फिरवता येतो. मोठा पंखा सावकाश फिरणे हेच आपल्या जड होडीला हवे. हे दोन्ही रेशो यामाहाच्या ९.९ चार स्ट्रोकमध्ये मिळतात. २.९२ वालीला हाय थ्रस्ट म्हणतात, आणि ती सहसा मागवून घ्यावी लागते. 'ती यॉटवाल्यांची हो' असे कोणी म्हणाला तर म्हणा, आम्हीही यॉटवालेच, फक्त आमच्या यॉटीला वास येतो. (हशा)

पंखा बरोबर आहे की नाही हे घरचे घरी कळते. स्पार्क प्लगच्या वायरीला गुंडाळायचे, फेरे मोजणारे छोटे टॅकोमीटर मिळते, ते लावा. रोजचे जाळे, बर्फ, माणसे भरा आणि पूर्ण थ्रॉटल द्या. पुस्तिकेत दिलेल्या पट्ट्यात, चार स्ट्रोकला साधारण ५००० ते ६०००, फेरे आले तर ठीक. खाली राहिले तर पिच जास्त आहे. एक इंच पिच कमी केला की दोनशेच्या आसपास फेरे वाढतात. ४२०० वर धापा टाकणारी मोटार कमी फिरते म्हणून पेट्रोल वाचवते असे समजू नका. थ्रॉटल पूर्ण उघडा, हवा-इंधन पूर्ण, ताकद मात्र कमी: ती काजळी धरते आणि प्लग खाते. नंतर पेट्रोल मोजायला पाच लिटरचा पारदर्शक कॅन घ्या, त्यावर अर्ध्या-अर्ध्या लिटरच्या खुणा करा, नळी त्यात सोडा. मोबाइलच्या जीपीएसवर एक मैल भरतीच्या दिशेने, एक मैल उलट, आणि दोन्हीची सरासरी. एकाच बाजूने मोजले तर मांडवीची ओहोटी तुम्हाला फुकटचे मायलेज दाखवेल.

जाता जाता एक. लहान मोटारींत पंखा शाफ्टला अडकवणारी शिअर पिन तुटली की खिळा ठोकायची पद्धत आहे. ती पिन मऊ असते ती तुटण्यासाठीच. खिळा तुटत नाही, मग गिअर तुटतो. आणि जाळ्याचा नायलॉन पंख्यामागे अडकला तर वरवर कापून भागत नाही. पंखा काढा, शाफ्टला गुंडाळलेला एकेक धागा काढा. राहिलेला धागा ऑइल सील कापतो, पाणी गिअरबॉक्समध्ये जाते, आणि पुढच्या वेळी गिअर ऑइल काढाल तर दूध-चहाच्या रंगाचे निघेल. तसे निघाले की सील बदलल्याशिवाय मोटार पाण्यात घालू नये.

चिठ्ठी आली. दहा मिनिटे? बरे, पाच. म्हणजे फलकावरचा विषय आता घाईत.

दोन की चार स्ट्रोक. जुन्या कार्ब्युरेटरच्या दोन स्ट्रोकमध्ये ताजे मिश्रण आत येतानाच थोडे न जळता एक्झॉस्टमधून निसटते. पाण्यावर दिसणारा तेलकट रंग तोच. चार स्ट्रोकमध्ये ही गळती नसते, शिवाय लिटरला २० मिली तेल घालायचा खर्चही वाचतो. वाईट बाजूही ऐका. दोन स्ट्रोक ८ हॉर्सपॉवर तीस किलोच्या आत असते, चार स्ट्रोक ९.९ चाळीस ते पन्नास. रोज किनाऱ्यावर मोटार काढून खांद्यावर नेणार असाल तर दोन माणसे लागतील. आडवी ठेवताना पुस्तिकेत दिलेल्या कुशीवरच. उलटी ठेवली तर ऑइल सिलिंडरमध्ये उतरते. पहिले ऑइल वीस तासांच्या आत बदला, पुढे दर शंभर तासांनी. हे पाळणार नसाल तर दोन स्ट्रोकच घ्या, निदान ती माफ करते. रोज तास-दीड तासच मोटार चालत असेल तर चार स्ट्रोकची जास्तीची किंमत वसूल व्हायला बरीच वर्षे लागतील, तेव्हा आधी पंखा बदलून बघा. पेट्रोलवर चालू करून केरोसीनवर चालवायची मोटार असेल तर चार स्ट्रोक घेतल्यावर केरोसीन विसरायचे. या मोटारी त्यासाठी नाहीत.

शाफ्ट, म्हणजे मोटारीपासून खाली पंख्यापर्यंतचा दांडा. क्लॅम्प जिथे बसतो तिथपासून बुडापर्यंत सरळ खाली मोजा. १५ इंच म्हणजे आखूड, २० म्हणजे लांब. पंख्याच्या वर असलेली आडवी पट्टी बुडाच्या इंचभर खाली यायला हवी. आखूड शाफ्ट नदीत चालतो, पण बारवर, म्हणजे नदीच्या मुखाशी वाळूच्या पट्ट्यावर, लाट आली की पंखा हवा खातो, मोटार किंचाळते आणि होडी जागच्या जागी. लाकडी कीलचा, म्हणजे बुडाच्या मधल्या कण्याचा, शेवट जाड, चौकोनी असेल तर तासून निमुळता करा, नाहीतर पंख्याला घुसळलेलेच पाणी मिळते.

ट्रान्सम, म्हणजे मोटार टांगायची मागची उभी फळी. जुन्या होडीत हे सगळ्यांत महत्त्वाचे, आणि मी ते शेवटी घेतोय. फायबरच्या आत प्लायवूड असते. हातोडीच्या दांड्याने इंचाइंचावर ठोका. टणक आवाज आला तर बरे. 'भद्द' आला तर आतून कुजलेय. जुन्या क्लॅम्पखालचा भाग आणि बोल्टची भोके आधी तपासा, पाणी तिथूनच शिरते. कुजलेल्या फळीवर पन्नास किलोची मोटार टांगायची नाही, आधी फळी बदला. आणि सुरक्षा साखळी बांधा.

पेट्रोल. पंपावर आता २० टक्के इथेनॉलचे मिळते आणि बहुतेक आउटबोर्ड, म्हणजे होडीमागे टांगायच्या या मोटारी, १० टक्क्यांपर्यंतच चालतील असे पुस्तिकेत लिहिलेले असते. इथेनॉल पाणी ओढते, पाणी जास्त झाले की दोन्ही मिळून टाकीच्या तळाला बसतात, आणि नळी तर तळातूनच ओढते. म्हणून पाणी वेगळे करणारा फिल्टर लावा, आठ-पंधरा दिवसांचेच पेट्रोल ठेवा, जुन्या रबरी नळ्या मोटारीबरोबरच बदला. मोटार ठेवून द्यायची असेल तर कार्ब्युरेटर रिकामा करूनच.

आणि बूड खरवडा. बार्नेकलचा, म्हणजे बुडाला चिकटणाऱ्या कवचवाल्या जीवांचा, थर तसाच ठेवून नवी मोटार लावली तर आत्ता सांगितलेला एकही आकडा तुमच्या होडीला लागू होणार नाही.

शेवटचे, कागद. मोटार बदलली की मच्छिमारी खात्याच्या नोंदणीत नवा इंजिन नंबर आणि हॉर्सपॉवर चढवून घ्या. सबसिडीचा अर्ज करणार असाल तर मंजुरी आधी की खरेदी आधी, हे खात्यात विचारूनच पैसे मोजा. प्रश्न असतील तर बाहेर विचारा, येताना आपापल्या पंख्यावरचे दोन आकडे लिहून आणा.