वीणा खाली ठेवायची नाही

श्रोते हो, नमस्कार.

गावात अखंड हरिनाम सप्ताह बसला की मंदिराच्या भिंतीवर एक फळा टांगला जातो. त्यावर खडूने रेघा मारून पहाऱ्याचे वेळापत्रक लिहिलेले असते. दोन तासांचा एक पहारा, त्यापुढे दोन-तीन नावे, आणि अशा बारा ओळींत दिवस-रात्र संपलेली. सप्ताहाची गोष्ट निघाली की लोक कीर्तनकारांची नावे सांगतात, काल्याच्या पंगतीत किती पाने उठली ते सांगतात. मला आज या फळ्याविषयी बोलायचे आहे, कारण सप्ताह माणसाला जे काही घडवतो त्याची सुरुवात माझ्या मते तिथे होते.

नियम साधा आहे. सात दिवस नामाचा गजर खंडू द्यायचा नाही, आणि त्याची खूण म्हणून वीणा सात दिवस जमिनीला टेकू द्यायची नाही. ती गळ्यात अडकवून उभे राहायचे, तार छेडत सूर धरून ठेवायचा आणि मुखाने नाम घ्यायचे. पहारा संपला की पुढचा वीणेकरी येतो, दोघे एकमेकांच्या पाया पडतात, त्यात वय किंवा मान पाहिला जात नाही, आणि वीणा एका गळ्यातून दुसऱ्या गळ्यात जाते. ती कोणाच्या गळ्यात जावी हे आवाजावरून ठरत नाही. फळ्यावर ज्याचे नाव, त्याच्या गळ्यात.

मी पंचविशीत होतो, नोकरीनिमित्त शहरात राहत होतो आणि चार दिवसांच्या रजेवर गावी आलो होतो. मला न विचारता माझे नाव रात्री दोन ते चारच्या पहाऱ्याला लिहिले गेले होते. माझा गळा बेसूर. शाळेत प्रार्थनेच्या वेळीसुद्धा मला मागच्या रांगेत उभे करीत असत. मी कुरकुर केली तेव्हा फळा लिहिणारे एवढेच म्हणाले, “गायला कुणी सांगितलंय? वीणा धरायची.” साडेतीनच्या सुमारास समईची वात काजळली होती, माझ्या जोडीचा टाळकरी खांबाला टेकून पेंगत होता, आणि मंडपात जागे असे एक मांजर आणि मी. हात थांबला तर गावाचा सप्ताह मोडणार होता. कचेरीत माझ्या प्रत्येक कागदावर आणखी दोन सह्या होत असत, त्यामुळे चूक झाली तरी ती कोणीतरी निस्तरील याची मला सवय होती. इथे दुसरी सही नव्हती.

टाळाचेही असेच आहे. नवखा माणूस शेजाऱ्याच्या हाताकडे पाहून टाळ वाजवतो, आणि पाहून वाजवतो म्हणूनच मागे पडतो. एका जुन्या टाळकऱ्याने माझी मान धरून समोर वळवली होती: “दुसऱ्याचा हात बघशील तर कायम मागंच ऱ्हाशील. पखवाज ऐक.” भजनी ठेका आठ मात्रांचा. तो अंगात उतरेपर्यंत पाऊल चुकते, दोरी बोटांना काचते, आणि वीस जणांच्या रांगेत आपला एकट्याचा चुकार ठोका सगळ्यांना ऐकू येतो. पण रांगेतून कोणी बाहेर काढीत नाही. गाण्याच्या शिकवणीत आधी येईल ते सिद्ध करावे लागते आणि मग मैफिलीत जागा मिळते. इथे जागा आधी मिळते आणि शिकणे त्या जागेवर उभे राहून होते. वारकरी कीर्तनात हे टाळकरी केवळ साथीला नसतात. कीर्तनकार अभंगाचे चरण सोडतो, तेव्हा ते उचलणारी ही रांग मागे नसेल तर कीर्तन उभेच राहत नाही. 1917 साली विष्णुबुवा जोग यांनी आळंदीला वारकरी शिक्षण संस्था काढली आणि या शिक्षणाला रीतसर रूप दिले, तरी गावोगावचे बहुसंख्य टाळकरी आजही रांगेतच तयार होतात.

सकाळच्या पारायणाविषयीही थोडे सांगतो. ज्ञानेश्वरीच्या सुमारे 9,000 ओव्या सात दिवसांत वाचायच्या, म्हणजे रोज जवळजवळ तेराशे. माझ्या एका चुलतीची शाळा चौथीत सुटली होती. पहिल्या वर्षी ती नुसते पान उलटत असे, दुसऱ्या वर्षी ओळीखाली बोट फिरू लागले. पुढे केव्हातरी सोसायटीच्या कर्जाचा कागद तिने सही करण्याआधी मोठ्याने वाचायला घेतला, तेव्हा समोरचा कारकून अवघडला होता.

हे सगळे सोज्वळ आहे असे मात्र मी म्हणणार नाही. ज्या परंपरेत चोखोबांचे अभंग भक्तीने गायले जातात, तिच्याच पंढरपुरात अस्पृश्यांना मंदिर खुले व्हावे म्हणून 1947 साली साने गुरुजींना उपोषण करावे लागले. आजही अनेक गावांत पहाऱ्याच्या फळ्यावर बायकांची नावे दुपारच्याच ओळींत सापडतात. आणि अलीकडे वर्गणीचा मोठा वाटा नावाजलेल्या कीर्तनकारांच्या बिदागीवर आणि ध्वनिक्षेपकांच्या भिंतींवर जाऊ लागला आहे. मांडवात गर्दी दुप्पट होते, पण रात्रीच्या पहाऱ्याला माणूस मिळत नाही. ऐकणारे वाढले आणि उभे राहणारे घटले, तर तो सप्ताह राहत नाही, कार्यक्रम होतो.

त्या रात्रीचे राहिले. चार वाजता माझ्याकडून वीणा घ्यायला आले ते आमच्या शेताशेजारचे शेतकरी. बांधाच्या भांडणावरून त्यांच्या आणि आमच्या घरात तीन वर्षे बोलणे नव्हते, आणि फळा लिहिणाऱ्यांना हे ठाऊक नव्हते असे मला वाटत नाही. मी तार छेडीतच वीणा त्यांच्या गळ्यात घातली. ते वाकले, मीही वाकलो. मग सूर धरता धरता, माझ्याकडे न बघता, ते हळूच म्हणाले, “मागं चुलीवर चहा हाय. पिऊन झोप.”